पांढऱ्या नदीकाठचा नारळ

नवस बोलायला मिनिटभर लागतं. पण तो फिटेपर्यंत त्याला जे किस्से चिकटत जातात ना, ते जन्मभर पुरतात! गुळाची ढेप उघडी राहिली की मुंग्यांना वेगळं आमंत्रण लागत नाही, तसंच आहे हे.

मी आजवर बरेच नवस बोलले आणि देवाच्या कृपेने फेडलेही. सोळा सोमवार झाले. यांची कंपनी बंद पडायला आली होती तेव्हा अनवाणी चालणंही झालं. (दुबईच्या जूनमध्ये नव्हे हं, जानेवारीत. देवालाही दया असते.) पण गेल्या हिवाळ्यात बोलले त्या नवसाने आमच्या सोमवारच्या मंडळाला जे काही करायला लावलं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमची गौरी लग्न होऊन कॅनडात गेली. टोरांटो वगैरे नाही. फ्रेंच बोलणाऱ्या भागातलं एक एवढंसं खेडं. जावई निखिल तिथल्या चीजच्या कारखान्यात मशिनं सांभाळतो आणि गौरी घरातून कॉम्प्युटरवर काम करते. गावाचं नाव कुठल्याशा संतावरून आहे, पण इतकं लांबलचक की उच्चारेपर्यंत माणूस गाव ओलांडून जाईल! म्हणून आम्ही सरळ 'गौरीची वाडी' म्हणतो.

एक दिवस फोनवर म्हणाली, "आई, इथे सगळे चांगले आहेत गं. रस्त्यात हसतात. गाडी बर्फात अडकली तर न बोलावता ढकलायला येतात. पण घरात ये, असं कुणी म्हणत नाही. मी मार्चचं तिकीट बघतेय. निखिलला कॉन्ट्रॅक्ट संपेपर्यंत राहू दे. मी येते."

'आम्ही येतो' नाही म्हणाली. 'मी येते' म्हणाली.

फोन ठेवला आणि तशीच देवासमोर उभी राहिले. म्हटलं, "गणराया, त्या गावातलं कुणीतरी माझ्या लेकीला घरात बोलावून हातात कप देईल, तोवर मी चहा घेणार नाही."

हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "अगं, चहा काय सोडतेस? कारलं सोडायचं!"

"कारलं सोडून देव पावत असता," मी म्हटलं, "तर तुमचं प्रमोशन कधीच झालं असतं!"

०००

सोमवारचं मंडळ म्हणजे आम्ही तिघीच. मी दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समधली. अल बर्शाहून येते ती वर्षा, पुण्याची, प्रत्येक गोष्टीचं प्रेझेंटेशन करणारी. आणि शारजाहून, अल नहदाहून येतात त्या रुबीनाआपा, मूळच्या रत्नागिरीकडच्या. त्या वयाने मोठ्या, आणि गल्फमध्ये आमच्या कितीतरी आधी आलेल्या. मी आणि वर्षा अथर्वशीर्ष म्हणतो, आपा सोफ्यावर बसून त्यांच्या तसबीहची माळ ओढतात. "तू तुझा बोल, मी माझा बोलतंय. पोचायचं तिथं पोचतंच," असं त्यांचं म्हणणं.

माझ्या नवसाचा पहिला फटका बसला तो या दोघींना. मी घेत नाही म्हटल्यावर माझ्या घरात त्या तरी चहा कशा घेणार?

दुसऱ्याच सोमवारी आपा विचार करकरून आल्या. "अगो शैला, सुलेमानी चालंल काय? त्यात दूध नसतं. बिनदुधाचा तो चहात धरत नाहीत!"

"कोण धरत नाही, आपा?"

"आमच्या बिल्डिंगीत कुणीच धरत नाही."

वर्षा म्हणाली, "आणि इथला करक चहा तर इतका उकळतात की त्यात चहा उरतच नाही. तोही चालायला हरकत नाही."

मी हात जोडले. म्हटलं, "देवाला दूध घातलेला आणि न घातलेला, दोन्ही कळतात."

आपांनी निःश्वास टाकला. "तुझी पोर लवकर कुणाच्या घरात जाऊ दे गो बाय. इन्शाल्ला. न्हायतर मलाच तिकीट काढून तिला चहा पाजायला जावा लागंल!"

०००

नवस बोलले खरी, पण गौरीच्या नावाने आवर्तनं करायची तर संकल्प रीतसर हवा. म्हणून सांगलीच्या आमच्या गुरुजींना व्हिडिओवर घेतलं.

आता संकल्पात जागेचा पत्ता लागतो. कुठल्या देशात, कुठल्या नदीच्या कुठल्या तीरावर बसून आपण हे करतोय, ते देवाला सांगायचं. आम्ही इथे वास्तुशांत केली तेव्हा गुरुजींनी हेच विचारलं होतं, "जवळची नदी कोणती?"

हे म्हणाले होते, "नदी नाही, गुरुजी. पण पलीकडे शेख झायेद रोड आहे. बारमाही वाहतो!"

गुरुजी अजिबात हसले नव्हते. "समुद्रतीरे म्हणा," म्हणाले आणि पुढे गेले.

या वेळी त्यांनी विचारलं, "मुलगी आहे तिथली नदी? आणि तीर कोणता?"

आम्ही एकमेकींकडे बघितलं. लेकीला तिकडे पाठवताना मी थंडीचे मोजे विचारले, कुकरची शिट्टी विचारली, वाणसामानाचं दुकान विचारलं. नदी विचारलीच नव्हती!

वर्षाने लगेच लॅपटॉपवर नकाशा उघडला. गावाच्या पश्चिमेला एक नदी सापडली. वर्षाच्या तन्वीला शाळेत फ्रेंच आहे, तिने नाव वाचून सांगितलं, "मावशी, इट जस्ट मीन्स व्हाइट रिव्हर."

"म्हणजे श्वेतनदी!" गुरुजी खूश झाले. "वाहते कुठल्या दिशेला?"

वर्षा म्हणाली, "उत्तरेला. वर जाऊन त्या मोठ्या सेंट लॉरेन्स नदीला मिळते."

हे चष्मा लावून पुढे आले. "काहीतरीच काय! नकाशात खालून वर कशी जाईल नदी? चढ आहे तो!"

हे इंजिनियर आहेत. पण बोलले ते सांगलीच्या शाळेतल्या भिंतीवरच्या नकाशाच्या हिशेबाने.

शेवटी गौरीलाच फोन लावला. तिच्याकडे सकाळ होती. म्हटलं, "बाळा, खिडकीतून बघ, तुमचं घर नदीच्या कुठल्या तीरावर येतं?"

"आई, नदी गोठलीय गं. त्यावरून माणसं चालत जातायत. तीर कुठे संपतो तेच कळत नाही!"

मी गुरुजींकडे बघितलं. गुरुजींनी पंचांग बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "गोठलेली असो, वाहती असो. नदी आहे ना? सूर्य नदीच्या बाजूने उगवतो की घराच्या मागून?"

"घराच्या मागून."

"मग म्हणा, श्वेतनद्याः पूर्वे तीरे."

आम्ही म्हटलं. हे मागून पुटपुटले, "चढ आहे तो."

०००

नदीचं असं झाल्यावर वर्षाने फर्मान काढलं. दर सोमवारी प्रत्येकीने त्या गावाविषयी एक तरी नवीन गोष्ट आणायची. "ज्या गावाने पोरीला आत घ्यावं म्हणून आपण देवाला साकडं घालतोय, त्या गावाची आपल्याला माहिती नको?"

पुढच्या सोमवारी माझ्या टीव्हीवर इतिहास आणि भूगोल सुरू झाला. स्लाइड नंबर एकवरच गाई!

"गावात माणसांपेक्षा गाई जास्त," वर्षा म्हणाली. "एक चर्च, एक दुकान, एक म्युनिसिपालिटीचं ऑफिस. चर्च एकदा वीज पडून जळलं. मग लोकांनी आपापल्या रानातली लाकडं देऊन पुन्हा उभं केलं."

मग जमिनीचा नकाशा आला. जुन्या काळी फ्रेंच शेतकरी जंगल तोडून तिथे वसले, तेव्हा जमिनीच्या लांबच लांब पट्ट्या पाडल्या. रुंदीला कमी, लांबीला भरपूर. प्रत्येकाच्या पट्टीचं एक टोक पाण्याला लागलंच पाहिजे. मागे रान, मध्ये शेत, पुढे घर, घरासमोर रस्ता आणि खाली नदी. सगळ्यांची घरं एका रांगेत.

आपा उठून टीव्हीपाशीच गेल्या. "हा तर आमचाच गाव! फक्त माड न्हाईत." मग नकाशावर बोट ठेवून म्हणाल्या, "आणि मग यात नवल ते काय? आमच्या गावात नवी माणसं ऱ्हायला आली, तर आधी वरीसभर नुसती बघतात. मग पाणी विचारतात. शेजारची नबीसा तर अजून बघतेच आहे!"

"कुणाला बघतेय?"

"मला. मी लग्न होऊन आलंय ना त्या गावात!"

०००

मग या दोघींनी गौरीला सल्ले द्यायला सुरुवात केली.

वर्षा म्हणाली, "केक करून ने शेजारी."

आपांनी मान हलवली. "द्यायला जाऊ नकोस. देणाऱ्याचा हात दारातच रिकामा करतात. मागायला जा! साखर माग. मागणाऱ्याला आत बसवावाच लागतो, डबा शोधीपर्यंत."

मला ते एकदम पटलं. गौरीच्या शेजारची पट्टी मादाम जिझेल नावाच्या एका एकट्या राहणाऱ्या बाईंची. सत्तरीच्या पुढच्या, पण स्वतः ट्रॅक्टर चालवतात! गौरी वाटी घेऊन त्यांच्याकडे गेली. फ्रेंचमधलं वाक्य तन्वीने तिला तीनदा म्हणवून घेतलं होतं.

त्या दिवशी मी फोनजवळून हलले नाही. आधण ठेवायचंच काय ते बाकी होतं.

गौरीचा फोन आला. "आई, मागितली साखर. बाई आत गेल्या, एक मोठी बाटली घेऊन आल्या, माझ्या हातात दिली आणि दार लावलं."

"दार लावलं?"

"बाहेर उणे वीस आहे आई, इथे कुणी दार उघडं ठेवत नाही. इतक्या पटकन लावलं की माझ्या आभाराच्या 'मेर्सी'तलं 'मेर' आत गेलं आणि 'सी' बाहेर राहिलं!"

"आणि बाटलीत काय आहे?"

"मेपलचा पाक. त्यांच्याच रानातल्या झाडांचा. झाडाला भोक पाडून रस काढतात आणि कढईत आटवतात."

"म्हणजे काकवी!" मी म्हटलं. माझं माहेर उसाच्या पट्ट्यातलं. गुऱ्हाळावर काकवीची बाटली हातात ठेवल्याशिवाय पाहुण्याला सोडत नाहीत. मी गौरीला म्हटलं, "काकवी देणारी बाई मनाने वाईट नसते. धीर धर."

आपा म्हणाल्या, "मन ठीक आहे गो. दाराचा काय करायचा?"

०००

आता नारळाचं सांगते.

संकल्पाच्या आधी आपण ग्रामदेवतेला नमस्कार करतो. माझ्या मनात आलं, नदी सांगितली, तीर सांगितला, पण त्या गावच्या ग्रामदेवतेची परवानगी कुठे घेतली? आपल्याकडे नवी सून आली की आधी गावदेवाला नारळ देते. मग गाव तिला आपली म्हणतं. आमच्या गौरीने दिलाच नव्हता!

वर्षाच्या स्लाइडमध्ये एक फोटो होता. गौरीच्या रस्त्याला, गावात शिरता शिरता, एक पांढरा लाकडी क्रूस. भोवती छोटंसं कुंपण, टोकाला पत्र्याचा कोंबडा. पूर्वी चर्च लांब पडायचं म्हणून लोक शेतातून आले की तिथेच जमून प्रार्थना करायचे, पीक चांगलं येऊ दे म्हणून. मी फोटो पाहिला आणि हात जोडले गेले. वेशीवरचा देव, दुसरं काय!

गौरीला म्हटलं, "तिथे नारळ ठेव आणि सांग, मी तुमच्या गावात राहायला आलेय, मला आपलं म्हणा."

"आई, प्लीज!"

"एवढं कर. पुन्हा काही सांगणार नाही."

पोर गुणी आहे. पुढच्या शनिवारी दोघं शहरात गेली तेव्हा नारळ आणला. मी विचारलं, "शेंडी आहे ना?" तर म्हणाली, "इथे टकलेच मिळतात."

म्हटलं, देव समजून घेईल. तिने क्रूसापाशी बर्फात नारळ ठेवला, नमस्कार केला आणि घरी आली.

दुसऱ्या दिवशी नारळ गायब!

तिसऱ्या दिवशी गावाच्या म्युनिसिपालिटीच्या पेजवर फोटो. ऑफिसच्या काउंटरवर, हातमोजे आणि किल्ल्यांच्या शेजारी आमचा नारळ! खाली लिहिलेलं, 'सापडला आहे: एक नारळ. ज्याचा असेल त्याने ऑफिसमधून घेऊन जावा.'

गौरीने खालच्या कमेंट वाचून दाखवल्या. एकाने लिहिलं, 'फ्लोरिडाहून परतलेल्या कुणाच्या तरी गाडीतून पडला असणार.' दुसऱ्याने लिहिलं, 'या हिवाळ्यात मी बऱ्याच गोष्टी पाहिल्या, हे मात्र नवीन.' तिसऱ्याने गंभीरपणे विचारलं, 'तो गोठला आहे का? आत घ्या, बिचाऱ्याला.'

गौरी फोनवर रडवेली. "आई, बघितलंस? तुझ्या नारळाला गावाने आत घेतलं. मला अजून नाही!"

हे मात्र हळूच म्हणाले, "चहा सोडलास तो सोडलास, पण नारळाचं नशीब काढलंस."

त्या रात्री मी देवाशी जरा भांडलेच.

०००

पुढचा सोमवार. आवर्तनं संपली होती, आपांची तसबीह चालू होती, वर्षा नवीन स्लाइड लावत होती. तेवढ्यात गौरीचा व्हिडिओ कॉल.

पाठीमागचं स्वयंपाकघर तिचं नव्हतं. पिवळ्या भिंती, लाकडं घालायची काळी चूल, आणि चुलीशेजारी एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई. त्यांच्या हातात हातोडा!

"गौरी!" मी ओरडलेच.

"आई, थांब, सांगते. मी आज ऑफिसमध्ये नारळ आणायला गेले. तिथली बाई म्हणाली, तुझाच कशावरून? मी म्हटलं, या गावात नारळ आणणारं दुसरं आहे कोण? मग तिने विचारलं, तिथे का ठेवला होतास? मला खोटं फ्रेंचमध्ये येईना, आई. म्हणून खरं सांगितलं. म्हटलं, माझ्या आईने तुमच्या देवाला विचारायला सांगितलं होतं, मी इथे राहू का म्हणून."

वर्षाने लॅपटॉप मिटून ठेवला.

"तिने मादाम जिझेलना फोन केला. तो क्रूस त्यांच्या पट्टीत आहे, त्यांच्या आजोबांनी उभा केलेला. त्या पिकअप घेऊन आल्या, काउंटरवरचा नारळ उचलला आणि मला म्हणाल्या, चल. आता आम्ही तो फोडायला बसलोय. यांनी आधी करवत आणली होती!"

"तुला काही दिलं का गं प्यायला?"

"हो. कॉफी."

"टेबलावर ठेवली, की हातात दिली?"

"हातात, आई! हातात!"

माझ्या मागे गॅस पेटल्याचा आवाज आला. आपा कधी उठल्या आणि कधी आधण ठेवलं, कळलंच नाही. "खलास!" त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "तुझा नवस खलास! आलं कुठं ठेवलंस ते सांग!"

मी पदराने डोळे पुसत विचारलं, "आणि मार्चचं तिकीट?"

गौरी जरा इकडे तिकडे बघून म्हणाली, "मार्चमध्ये यांची काकवी सुरू होते, आई. माणसं कमी पडतात म्हणे. मी येते म्हटलंय त्यांना."

या वेळी ते 'मी येते' फार गोड लागलं.

मादाम जिझेल काहीतरी विचारत होत्या. स्क्रीनवरची ती बाई आणि तिच्या मैत्रिणी एका पातेल्याकडे बघून का रडतायत, असं असावं. गौरीने त्यांना मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये माझ्या चहाची सगळी गोष्ट सांगितली. बाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी आपल्यासमोरचा कॉफीचा कप हळूच लांब सरकवला.

मग गौरीला दोन-तीन वाक्यं म्हणाल्या. गौरीचा आवाज बदलला.

"आई, यांचा मुलगा मार्टिन तिकडे पश्चिमेला खाणीत काम करतो. वडील गेल्यापासून घरी आलेला नाही. फोनही नाही. त्या विचारतायत, तो येईपर्यंत त्यांनी कॉफी सोडली तर चालेल का?"

मी मान डोलावली.

बाईंनी आणखी काहीतरी विचारलं, जरा हळू आवाजात. गौरी हसायला लागली, रडता रडता.

"आणि विचारतायत, बिनदुधाची चालेल का?"

मी तोंड उघडायच्या आत आपांनी गाळणं हातात घेऊनच माझ्या हातातला फोन ओढला.

"चालेल! चालेल! बिनदुधाची धरत नाहीत, सांग त्यांना!"

०००

मार्टिन अजून यायचा आहे. आम्ही तिघी सोमवारी त्याचंही नाव घेतो. तुम्हीही एवढं करा. आज दिवा लावाल, किंवा नमाजाला बसाल, तेव्हा त्याच्यासाठी एखादी लहानशी गोष्ट सोडा, अगदी कपभर. पत्ता लागलाच तर श्वेतनदीचा पूर्व तीर म्हणा. पोचायचं तिथे पोचतं.